चित्रांतला राजा आणि त्याचा शिंपी

[शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान. व्याख्यात्यांनीं भिंतीवर चित्राची मोठी छापील प्रत लावली होती.]



भिंतीवर ही जी तसबीर लावली आहे तिच्याकडे आल्यापासून तुम्ही सर्वजण पाहत आहां. मघाशीं मागच्या रांगेंतल्या एका म्हाताऱ्या बाबांनीं तिला हात जोडलेले मीं पाहिले. तसबीर कोणाची आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें. देवाची आहे कीं माणसाची हेंही ठाऊक नव्हतें. तरी हात जोडले गेले. बाबांना मी हंसत नाहीं. चित्र काढणाराला नेमकें तेंच हवें होतें, आणि ज्या गांवांत त्या राजाचें नांव कोणीं कधीं घेतलें नाहीं अशा आपल्या गांवांत, तीनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, नुसत्या छापील प्रतीनें तें साधलें. तेव्हां त्या कारागिराची वाहवा केली पाहिजे. पण वाहवा करून आपण थांबणार नाहीं. दुसऱ्यानें बेतलेला अंगरखा कसा बेतला आहे हें कळून घ्यायचें तर शिंपी त्याची शिवण उसवून पाहतो. तसें आज हें चित्र उसवून पाहूं.

हा फ्रान्स देशाचा राजा चौदावा लुई. जन्म १६३८ चा. बाप मेला तेव्हां हा पांच वर्षांचाही नव्हता. १६४३ सालीं गादीवर आला तो १७१५ सालीं मरेपर्यंत, म्हणजे ७२ वर्षें, त्यानें गादी सोडली नाहीं. हें चित्र १७०१ सालचें. राजाची साठी तेव्हां उलटून गेली होती. चिताऱ्याचें नांव इयासिंत रिगो. फ्रान्सच्या दक्षिण टोंकाला पेर्पिन्यां म्हणून गांव आहे, तेथल्या एका शिंप्याचा हा मुलगा. मीही शिंप्याच्याच घरचा. ही गोष्ट मला कळली तेव्हां चित्रांतल्या पुष्कळ कोड्यांचा उलगडा झाला. कापड कसें पडतें, घडी कोठें मोडते, कोणता कांठ पुढें आणावा, हें ज्याच्या घरांत रोजचें काम, त्याच्या हातून हें उतरलें आहे.

मूळ चित्र नऊ फुटांहून थोडें अधिक उंच आणि सहा फुटांहून अधिक रुंद आहे. एवढें चित्र दालनांत उंचावर टांगलें म्हणजे पाहणाराच्या डोळ्यांसमोर काय येतें? राजाचें तोंड नव्हे, राजाचे जोडे. तोंड पाहायचें तर मान वर करावी लागते. आणि मान वर केली कीं दिसतें काय, तर वरून खालीं आपल्याकडे पाहणारा राजा. आपण त्याला पाहायला आलों होतों; उलट तोच आपणांस पाहत आहे असें वाटूं लागतें. येथेंच निम्मी लढाई तो जिंकला.

आतां पोशाख पाहा. अंगावरचा झगा राज्याभिषेकाच्या वेळचा. राज्याभिषेक झाला १६५४ सालीं. म्हणजे ४७ वर्षांपूर्वींच्या सोहळ्याचा थाट येथें पुन्हां उभा केला आहे. बाहेरून निळी मखमल, तिच्यावर सोनेरी लिलीचीं फुलें. तें फूल त्या राजघराण्याची खूण. आंतून अस्तर पांढऱ्या लवेचें. थंड मुलखांत मुंगसाहूनही लहान असा एक प्राणी असतो. हिवाळ्यांत तो पांढरा शुभ्र होतो, फक्त शेपटीचें टोंक काळें राहतें. चित्रांत पांढऱ्यावर हे जे काळे ठिपके दिसतात त्यांतला एकेक ठिपका म्हणजे एकेक शेपूट, आणि एकेक शेपूट म्हणजे एकेक जीव. मोजायला बसलांत तर दिवा लावायची वेळ होईल.

पण शिंप्याला यांत निराळेंच दिसतें. अस्तर कोणी मुद्दाम दाखवीत नाहीं. अस्तर ऊब देण्यासाठीं, कापड टिकण्यासाठीं. येथें झगा खांद्यावरून मागें टाकून, कडा उलटवून, जमिनीवर असा लोळविला आहे कीं बाहेरच्या मखमलीइतकेंच आंतलें अस्तर डोळ्यांत भरावें. ज्याचें अस्तर एवढें भारी त्याच्याशीं वैर करून निभाव कसा लागायचा, असें परदेशाच्या वकिलाला वाटलें पाहिजे. आणि वकिलांसाठीं, सरदारांसाठीं, सोयऱ्यांसाठींच हें चित्र होतें. शेतकऱ्याला त्या दालनाची वाट कोण दाखवतो?

झगा मागें टाकल्यामुळें दुसरी एक गोष्ट साधली. पाय उघडे पडले. पांढरे रेशमी मोजे, लाल टांचेचे उंच जोडे, आणि एक पाऊल पुढें काढून तिरकें टेकविलेलें. हा नाचाचा पवित्रा आहे. हा राजा तरुणपणीं नाचांत तरबेज होता. १६५३ सालीं, चौदा वर्षांचा असतांना, दरबारच्या एका नृत्यनाट्यांत उगवत्या सूर्याचें सोंग घेऊन तो नाचला, आणि सूर्य ही त्याची खूणच होऊन बसली. आतां ते पाय पाहा आणि मग तोंड पाहा. पाय विशीतल्या गड्याचे. तोंड म्हाताऱ्याचें. गाल आंत ओढलेले, ओंठ मिटलेले, कारण आंतले दांत बहुतेक गेलेले. कोणी म्हणेल, चितारी फसला. तोंडही तरुण करायचें होतें. मला वाटतें तो मुळींच फसला नाहीं. तोंड खरें ठेवलें म्हणून खोटे पाय खपतात. धान्याच्या पोत्याच्या तोंडाशीं चांगला दाणा कोण ठेवतो आणि कां ठेवतो, हें बाजार करणाऱ्या तुम्हांला मीं काय सांगावें!

डोक्यावरचे केंस त्याचे नाहींत. टोप आहे. त्या काळीं पॅरिसमध्यें टोप करणाऱ्यांचा मोठा धंदा चाले आणि त्यासाठीं व्यापारी खेड्यापाड्यांत हिंडून गरीब बायकांचे केंस विकत घेत. राजाच्या टोपांतले केंस कोणाचे हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

मुकुट मात्र डोक्यावर नाहीं. बाजूला उशीवर ठेवला आहे, जवळजवळ अंधारांतच. राजदंड हातांत आहे, पण उलटा. ज्या टोंकाला फूल तें खालीं उशीवर टेकवून, म्हातारा काठीवर हात ठेवतो तसा हात त्याच्यावर ठेवला आहे. कमरेला जी तलवार ती शार्लमान या हजार वर्षांपूर्वींच्या थोर बादशहाची म्हणून मानलेली, पण तिची नुसती मूठ दिसते. हें सगळें उगीच नाहीं. नवा श्रीमंत झालेला माणूस दागिना मिरवतो. जुना सावकार किल्ल्यांचा जुडगा बाजूला टाकून बोलतो, कारण तिजोरी त्याचीच आहे हें सगळ्यांना ठाऊक असतें. मुकुट न घालतांही मी राजाच आहें, असें हें चित्र सांगतें. मागें लाल पडदा गुंडाळून वर घेतला आहे, नाटकाच्या पडद्यासारखा. पडद्याआड दगडी खांब, आणि खांबाच्या बुडाशीं तराजू घेतलेली न्यायदेवता कोरलेली. ती इतकी अंधुक आहे कीं सांगितल्याशिवाय दिसायची नाहीं. न्यायदेवतेला जागा मिळाली ती खांबाच्या बुडाशीं, एवढें बोलून पुढें जातों.

या थाटाचा पैसा कोठून आला? त्या देशांत जमिनीवर व मिळकतीवर बसणारा मुख्य कर बहुतेक सरदारांना आणि धर्माधिकाऱ्यांना माफ होता. तो भरायचा शेतकऱ्यानें. मिठावर कर होता आणि पुष्कळ प्रांतांत अमुक इतकें मीठ सरकारी कोठारांतूनच घेतलें पाहिजे अशी सक्ति होती. १६९३ व १६९४ या सालांत पीक बुडालें. लढाया चालूच होत्या. त्या दोन वर्षांत भुकेनें आणि भुकेमागून आलेल्या रोगांनीं सुमारें १३ लाख माणसें मेलीं असा इतिहासकारांचा हिशेब आहे. त्यानंतर सातव्या वर्षीं हें चित्र निघालें. या झग्यावर त्या दुष्काळाची धूळ तुम्हांला कोठें दिसते का पाहा.

हें चित्र आज पॅरिस शहरांत लूव्र नांवाच्या संग्रहालयांत आहे. त्याच संग्रहालयांत एका शेतकरी कुटुंबाचें चित्र आहे, यापेक्षां जवळजवळ साठ वर्षांनीं जुनें. ल नँ आडनांवाच्या तीन चितारी भावांचा एकत्र धंदा होता, त्यांच्या हातचें तें. घरांत चूल पेटली आहे. एका माणसानें भाकरीचा मोठा गोल पोटाशीं धरला आहे. एका म्हातारीच्या हातांत द्राक्षाच्या दारूचा पेला आहे. पोरें अनवाणी आहेत, एक पोरगा पांवा वाजवतो. तींही माणसें आपल्याकडे सरळ पाहतात, पण वरून नव्हे. आपल्याच बरोबरीला बसून. त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव कोणाला माहीत नाहीं. राजाच्या चित्राखालीं मात्र नांव नसतें तरी चाललें असतें, इतक्या खुणा त्याच्या अंगावर आहेत. तसबीर आणि चित्र यांतला भेद मी असा समजतों: जिला नांव देण्याची ऐपत कोणाला तरी होती ती तसबीर.

आतां हें चित्र काढलें कशासाठीं तें ऐका. १७०० सालीं स्पेनचा राजा निपुत्रिक मेला आणि मृत्युपत्रानें तें राज्य लुईच्या नातवाला मिळालें. नातू सतरा वर्षांचा, नांव फिलिप. आजोबाची तसबीर बरोबर असावी म्हणून ती काढायला सांगितली. ती इतकी साधली कीं आजोबांनीं ती घरींच ठेवून घेतली आणि स्पेनसाठीं नक्कल करायला सांगितलें. त्याच सुमारास त्याच रिगोनें नातवाचीही तसबीर काढली. ती पाहण्यासारखी आहे. फ्रान्समध्यें जन्मलेला, फ्रेंच बोलणारा हा पोरगा, पण चित्रांत त्याला स्पेनचा काळा पोशाख घातला आहे आणि गळ्याभोंवतीं त्या देशाची ताठ पांढरी गळपट्टी. लुईच्या चित्रांत एवढें कापड, एवढे रंग. नातवाच्या चित्रांत काळें आणि पांढरें. कां? स्पेनच्या लोकांना वाटावें कीं हा आपला. पोरगा तोच, आजोबा तेच, चितारीही तोच. बदललें फक्त शिंप्याचें काम. आणि या दोन राज्यांच्या सोयरिकीवरून युरोपांत जें युद्ध पेटलें तें पुढें दहा वर्षांहून अधिक चाललें.

रिगोच्या कारखान्याविषयीं दोन शब्द सांगतों. होय, कारखानाच. पोशाख रंगविणारे मदतनीस निराळे, फुलें काढणारे निराळे, मागचा देखावा भरणारे निराळे. कोणाला किती पैसे दिले याच्या त्यानें ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या टिकल्या आहेत. तोंड आणि हात बहुधा मालकानें स्वतः काढायचे. म्हणजे राजाचा झगा दोनदां तयार झाला: एकदां विणकऱ्यानें विणून नि शिंप्यानें शिवून, आणि दुसऱ्यांदां रंगाऱ्यानें रंगवून. दोन्ही वेळां मजुरीनें.

पुढें १८४० सालीं एका इंग्रज ग्रंथकारानें या चित्राची चांगलीच गंमत केली. त्याचें नांव थॅकरे, जन्म कलकत्त्याचा. पॅरिसविषयीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यानें एक रेखाचित्र दिलें आहे, त्यांत तीन आकृति शेजारीं शेजारीं आहेत. एकीकडे नुसता पोशाख: टोप, झगा, उंच टांचेचे जोडे, आंत माणूस नाहीं, तरी पोशाख ऐटींत उभा आहे. मधें एक टकला, ढेरपोट्या, बारीक पायांचा थकलेला म्हातारा. आणि तिसरीकडे दोघांची बेरीज, म्हणजे आपला हा महाराजा. मला हें रेखाचित्र फार आवडतें. पण त्यांत एक गोष्ट थॅकरेनेंही सोडली आहे. त्याचा रिकामा पोशाख आपोआप उभा आहे. कोणताही पोशाख आपोआप उभा राहत नाहीं. त्यांत विणकर, शिंपी, चांभार, सोनार, टोपवाला यांचे हात असतात, आणि तेच हात त्या दालनांत चोरदरवाजानें आले आणि चोरदरवाजानें गेले.

हे हात एकदां पुढच्या दारानें आले होते, ती कथा इंग्लंडची. तेथें पहिला चार्ल्स म्हणून राजा होता. उंचीनें ठेंगणा. त्याचा चितारी व्हॅन डाइक. त्यानें राजाला मोठ्या घोड्यावर बसविला आणि पाहणाराला खालीं जमिनीवर ठेवला. उंचीचा प्रश्न मिटला. परंतु प्रजेच्या पंचायतीशीं, म्हणजे पार्लमेंटशीं, राजाचें युद्ध जुंपलें, राजा हरला, आणि ३० जानेवारी १६४९ रोजीं लंडनमध्यें भर दिवसा त्याचा शिरच्छेद झाला. मग नव्या सरकारनें त्याचा चित्रसंग्रह विकायला काढला. राजाकडे पुष्कळांचें येणें थकलें होतें. जॉन एंब्री म्हणून राजवाड्यांत शिशाच्या नळांचें काम करणारा कारागीर होता. त्याच्या थकलेल्या मजुरीपोटीं कांहीं रोख मिळाली आणि बाकीच्या बदल्यांत चित्रें. त्यांत तिशियन या जगप्रसिद्ध इटालियन चिताऱ्याचेंही एक चित्र होतें. नळवाल्याच्या घरांत तिशियन! विद्वान लोक ही गोष्ट हंसण्यावारी नेतात. मी म्हणतों, हंसण्यासारखें काय आहे? मजुरी थकविली होती तोंपर्यंत कोणाला हंसूं आलें नव्हतें.

त्याच राजाच्या घोड्याची आणखी एक गोष्ट. येथें तांबटआळीचे लोक बसले आहेत त्यांना ती चटकन् कळेल. व्हॅन डाइकच्या चित्राच्या आधारानें पिएर लाँबार नांवाच्या कारागिरानें तांब्याच्या पत्र्यावर घोडेस्वार कोरला. पत्र्याच्या खांचांत शाई भरायची, कागद दाबायचा, म्हणजे हव्या तितक्या प्रती निघतात. राज्य तेव्हां क्रॉमवेलच्या हातीं होतें, म्हणून घोड्यावरच्या धडाला मुंडकें क्रॉमवेलचें. पुढें वारें फिरलें. लाँबारनें काय करावें? पत्र्यावरचें मुंडकें खरवडलें, मागून ठोकून जागा सपाट केली, आणि त्याच धडावर चार्ल्सचें मुंडकें कोरलें. ज्याचें डोकें क्रॉमवेलच्या पक्षानें उडविलें होतें त्याचेंच. बिनमुंडक्याच्याही प्रती निघालेल्या आहेत, त्या आजही लंडनच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. घोडा तोच, चिलखत तेंच, हात तोच. पत्रा म्हणतो, मला काय त्याचें, कोणीही येऊन बसा.

आपल्या चौकांत वाढदिवसाचे नि निवडणुकीचे जे फ्लेक्सचे फलक लागतात, ते छापणारा पोरगा संगणकावर दुसरें काय करतो? पांढरे कपडे घातलेलें, हात जोडलेलें धड तयार असतें. वर पुढाऱ्याचें तोंड मोठें, खालीं कार्यकर्त्यांचीं तोंडें सुपारीएवढीं, आणि कोणाची सुपारी केवढी यावरून रात्रभर भांडणें. आपल्या पोराचें तोंड त्या फलकावर यावें म्हणून घरांतलें किडूकमिडूक विकणारे लोक मीं पाहिले आहेत. असो.

फ्रान्समध्यें या लुईच्या मागून पंधरावा आला, सोळावा आला; त्यांच्याही तसबिरी त्याच निळ्या झग्यांत, त्याच पवित्र्यांत निघाल्या. सोळाव्याचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ रोजीं झाला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत लूव्रचा राजवाडा संग्रहालय म्हणून सर्वांना खुला झाला. एवढी उलथापालथ झाल्यावर झगा तरी संपला म्हणावें, तर १८०६ सालीं अँग्र नांवाच्या चिताऱ्यानें नेपोलियनला सिंहासनावर बसवून पुन्हां तोच पांढऱ्या लवेचा थाट काढला. लिलीच्या फुलांच्या जागीं मात्र सोनेरी मधमाशा आल्या.

ही विलायती तऱ्हेची तसबीर आपल्या पुण्यासही येऊन पोंचली. पेशव्यांच्या दरबारांत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत असे. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटलंडचा चितारी १७९१ सालीं मुंबईस आला आणि पुढच्या वर्षीं पुण्यास त्यानें सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांची तसबीर केली. ती आज लंडनला आहे. आपल्याकडची रीति त्यांच्याहून उलट. त्यांचा राजा उभा राहून मोठा होतो. आपल्याकडे धनी बसतो आणि बाकीचे उभे राहतात. या तसबिरींतही पेशवे बसले आहेत आणि सेवक उभे आहेत. पण नानाही बसले आहेत. पेशव्यांचें वय अठरा आणि कारभाराची दोरी नानांच्या हातीं, हें सगळ्या पुण्याला ठाऊक होतें. तें चित्रांत कोणीं लिहिलें नाहीं, नुसत्या बसण्यानें सांगितलें.

आणि या चित्रांत जो नाहीं त्याचीही आठवण केली पाहिजे. पेशवा हा प्रधान. धनी साताऱ्याचे छत्रपति. पेशवाई मिळायची ती साताऱ्याहून वस्त्रें येऊन. सवाई माधवरावांना तीं वस्त्रें १७७४ सालीं मिळालीं तेव्हां ते चाळीस दिवसांचे होते. पाहा, येथेंही पोशाखच! तान्हें मूल प्रधान होतें तें वस्त्रांनीं, आणि वस्त्रें देणारा तसबिरींत कोठेंच नाहीं. परदेशच्या माणसानें हें चित्र पाहून मराठी राज्याचा धनी कोण असें विचारलें असतें, तर चित्रानें त्याला पेशवाच दाखविला असता.

मॅलेटनें आणखी एक मोठें चित्र काढविलें. १७९० सालीं टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा तह झाला, त्या वेळचा पुण्याचा दरबार. त्यासाठीं वेल्सनें माणसांचे चेहरे टिपून ठेवले होते, पण १७९५ सालीं तो वारला. मग त्याच्या कच्च्या चित्रांवरून टॉमस डॅनियल यानें इंग्लंडांत तें पुरें केलें आणि १८०५ सालीं लोकांपुढें मांडलें. सालाकडे लक्ष द्या. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह करून इंग्रजांची फौज आपल्या पैशानें पोसायचें कबूल केलें होतें. म्हणजे लंडनच्या लोकांनीं जो भरलेला दरबार पाहिला त्याची कंबर तोंपर्यंत मोडली होती. चित्राचा खर्च मॅलेटचा, तेव्हां तें कोणाच्या कर्तबगारीचें चित्र व्हायचें हें उघड आहे.

याच मॅलेटच्या पदरीं पुण्याचा एक चितारी होता. नांव गंगाराम चिंतामण, तांबट जातीचा. वेल्सच्या बरोबरीनें त्यानें काम केलें. वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें त्यानें काढलीं. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहांत गेंडा होता, त्याचें १७९० सालचें चित्र त्याच्या हातचें आहे आणि अमेरिकेंतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहांत जपून ठेवलें आहे. तांब्याचें भांडें घडविणाऱ्याची नजर, तिला वळण, फुगवटा आणि सावली शिकवावी लागत नाहीं. गेंड्याला खूष करायचें नव्हतें. त्याला झगा नव्हता, टोप नव्हता, कोणावर छाप पाडायची नव्हती. त्याची जाड कातडी जशी होती तशी गंगारामानें कागदावर उतरविली. दरबाराच्या त्या दोन मोठ्या चित्रांपेक्षां मला हा गेंडा अधिक विश्वासाचा वाटतो, हें मी लपवून ठेवीत नाहीं.

आतां फार बोललों. हें चित्र मी भिंतीवरून उतरवतों आणि तुमच्यांत फिरवतों. शिंपीमंडळींनीं अस्तर पाहावें, चांभारदादांनीं टांच पाहावी, सोनारांनीं मुकुट अंधारांतून शोधून काढावा. मायभगिनींनीं तो टोप पाहावा. पोरांना मागें रेटूं नका, त्यांना शेपट्या मोजूं द्या. पहिल्यांदा तें मागच्या रांगेंतल्या बाबांकडे जाऊं द्या. मांडीवर ठेवून सावकाश पाहा, बाबा. फक्त कडा तेवढ्या दुमडूं देऊं नका, उद्यां ही प्रत पुढच्या गांवीं न्यायची आहे.